मुक्त सॉफ्टवेअर दुसऱ्याला देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालयांना कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आणि शाळांना लिनक्स बसवून देताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) या परवान्याला धरून आहेत, कारण लिनक्सचा गाभा, कोहा, वर्डप्रेस, गिम्प अशी रोजच्या वापरातली बरीच सॉफ्टवेअर त्याच परवान्याखाली येतात. मी वकील नाही. प्रकरण नोटिशीपर्यंत गेलं असेल तर हे वाचत बसू नका, वकील गाठा.

उबुंटूची (लिनक्सच्या एका प्रकाराची) पेनड्राइव्ह मित्राला दिली, तर ती पायरसी होते का?

नाही. पण का नाही, ते समजून घ्या. भारताचा १९५७चा कॉपीराइट कायदा संगणकाच्या प्रोग्रॅमला साहित्यकृती मानतो, म्हणजे थेट कवितासंग्रहाच्या पंगतीला बसवतो. प्रत काढायची तर मालकाची परवानगी लागतेच. मुक्त सॉफ्टवेअरच्या मालकाने ही परवानगी आधीच, लेखी आणि सगळ्यांना देऊन ठेवलेली असते. तोच परवाना. मालकी त्याने सोडलेली नसते, त्यामुळे हा माल बेवारस नसतो, आणि परवानगीसोबत अटीही असतात. पुढचे बहुतेक घोळ एवढंच लक्षात न घेतल्यामुळे होतात.

मित्राला द्यायची फाइल उतरवली तशीच द्या, आतल्या परवान्याच्या फायली उडवू नका, आणि सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, कुठे मिळतो ते सांगून ठेवा. वर्गमित्राला दिलेल्या पेनड्राइव्हवरून कुणी कोर्टात जात नाही. पण शंभर संगणकांना बसवून देणारे व्हाल तेव्हा हीच सवय उपयोगी पडेल.

हे फुकट मिळालेलं सॉफ्टवेअर विकता येतं? आमच्या गल्लीतला दुकानदार बसवून द्यायचे पाचशे रुपये घेतो.

खुशाल घेऊ दे. पाचशे काय, पाच हजार घेतले तरी जीपीएलची हरकत नाही. ही चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन स्वतः १९८५पासून ईमॅक्स या त्यांच्या संपादकाच्या टेप दीडशे डॉलरला विकत होते, आणि त्यावर त्यांचं घर चालत होतं. मुंबईतच तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट हे हिशेब आणि साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे. ते बनवणारी कंपनी होस्टिंग आणि सेवेवर पैसे कमावते.

दुकानदाराला दोन गोष्टी मात्र करता येत नाहीत. ‘ही प्रत दुसऱ्याला द्यायची नाही’ असं तो गिऱ्हाइकाला बजावू शकत नाही. गिऱ्हाइकाने तीच प्रत दुसऱ्या दिवशी गावभर फुकट वाटली तरी त्याने गप्प बसायचं. दुसरं, सोर्स कोड नंतर मागितल्यावर देऊ असं लिहून दिलं असेल, तर तो देताना टपाल आणि डिस्कचा प्रत्यक्ष खर्च तेवढा घेता येतो. प्रोग्रॅम पन्नास रुपयांना आणि कोड पन्नास हजारांना, ही पळवाट परवाना लिहिणाऱ्यांच्या आधीच लक्षात आली होती.

चार स्वातंत्र्यं म्हणतात ती कोणती? आणि मोजणी शून्यापासून का?

शून्य: कुठल्याही कामासाठी प्रोग्रॅम चालवायचं. एक: तो कसा चालतो ते पाहायचं आणि हवा तसा बदलायचं. दोन: प्रती वाटायचं. तीन: आपण बदललेली आवृत्ती वाटायचं.

शून्यावरून लोक ‘प्रोग्रॅमर लोकांची गंमत’ म्हणून हसतात, पण खरी गोष्ट वेगळी आहे. १९९०च्या आसपास तीनच स्वातंत्र्यं होती, एक ते तीन क्रमांकांची. ‘चालवण्याचं’ स्वातंत्र्य गृहीतच धरलं होतं. ते स्पष्ट लिहायला हवं, आणि तेच सगळ्यात मूलभूत आहे, हे नंतर लक्षात आलं. जुने क्रमांक बदलण्यापेक्षा त्याला शून्य देऊन टाकलं.

या शून्यापायी एक चांगल्या मनाची अट बाद ठरते. ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ असं लिहून दिलेलं सॉफ्टवेअर मुक्त नव्हे. जेसन ही डेटा-पद्धत हाताळणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या परवान्यात ‘हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको’ अशी एक ओळ होती. डेबियन हा लिनक्सचा प्रकार बनवणारे लोक तेवढ्यावरून ते सॉफ्टवेअर आपल्या मुख्य संग्रहात घेत नसत. चांगलं-वाईट ठरवणार कोण?

आपण सुधारणा केली, तर ती मूळ लेखकाला परत पाठवावी लागते ना?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि त्याची मुळं आपल्या स्वयंपाकघरात आहेत असं मला वाटतं. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, चिमूटभर साखर का होईना, घालून द्यायची, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. म्हणून जीपीएलही तसंच काही मागत असेल असं आपण धरून चालतो.

जीपीएल तसं मागत नाही. ज्याने दिलं त्याच्याकडे काहीही परत पाठवायचं बंधन त्यात नाही. ते मागतं ते पुढच्यासाठी: तुम्ही ज्याला प्रत द्याल, त्याला तुम्हाला मिळाले होते तेवढेच सगळे हक्क द्या, आणि ते हक्क वापरता येतील अशा रूपात, म्हणजे सोर्स कोडसकट द्या. हे हळदीकुंकवाच्या वाणाच्या जास्त जवळचं आहे. वाण लुटायचं ते पुढे, दुकानदाराकडे परत न्यायचं नाही.

कोहा हे नावच पाहा. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी १९९९मध्ये हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि जानेवारी २०००मध्ये ते तिथे सुरू झालं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि ती घेणाऱ्यावर परतफेडीचं भान ठेवण्याची जबाबदारी येते. त्या ट्रस्टने ते स्वतःपुरतं न ठेवता जीपीएलखाली सोडलं, म्हणून आज आपल्याकडच्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत ते चालतं. सुधारणा मूळ प्रकल्पाला पाठवणं हा शहाणपणा नक्कीच आहे. नाहीतर दर नव्या आवृत्तीला तुमचे बदल तुम्हालाच पुन्हा चिकटवत बसावं लागतं. पण सक्ती म्हणाल, तर नाही.

आम्ही संस्थेपुरते बदल केले आहेत. ते जाहीर करायचे का?

नाही. घरात बसून काय वाटेल ते करा. बंधन सुरू होतं ते प्रत दुसऱ्याच्या हातात गेल्यावर.

‘दुसरा’ कोण, यावर वाद होतात, म्हणून जरा थांबतो. एकाच नोंदणीकृत शिक्षणसंस्थेच्या अकरा शाळा असतील आणि मुख्य कार्यालयाने बदललेलं कोहा अकराही ठिकाणी बसवलं, तर कायद्याच्या नजरेत ते एकाच घरातल्या खोल्यांत फिरलं. कुणाला ‘दिलं’ नाही. पण शेजारच्या गावातल्या वेगळ्या ट्रस्टच्या वाचनालयाला तेच दिलं, भले दोन्हीकडचे अध्यक्ष एकच असोत, की तो दुसरा झाला. त्याला कोड आणि परवाना, दोन्ही द्यायचे.

बाहेरच्या प्रोग्रॅमरकडून काम करून घेताना कोड त्याच्या हाती द्यावाच लागतो. ते ‘वाटप’ ठरू नये म्हणून जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत स्वतंत्र सोय आहे: फक्त तुमच्यासाठी, तुमच्या देखरेखीखाली काम करायला कुणाला प्रत दिली, तर चालतं. त्याने काम संपवून ते तुमच्याकडे सुपूर्द करताना मात्र बेसावध राहू नका. ‘कोड आमच्याकडे ठेवतो, तुम्ही फक्त वापरा’ असं म्हणणारे भेटतात. जीपीएलच्या कामावर आधारलेल्या कामाबाबत तसं चालत नाही. तिथे तुम्ही गिऱ्हाईक आहात आणि कोड हा तुमचा हक्क आहे.

आमचं कोहा एका कंपनीच्या सर्व्हरवर चालतं. आम्हाला कोड मिळेल का?

साध्या जीपीएलखाली मिळेलच असं नाही, आणि इथे वाचनालयं फसतात. प्रोग्रॅम कंपनीच्या सर्व्हरवर, तुम्ही ब्राउझरमधून वापरता. तुमच्या हातात प्रत आलेलीच नाही, म्हणजे वाटपच झालं नाही. कंपनीने त्यात हवे ते बदल करून झाकून ठेवले तरी परवान्याचा भंग होत नाही.

हीच फट बुजवायला अफेरो जीपीएल हा परवाना आहे. त्याची सध्याची आवृत्ती नोव्हेंबर २००७ची. त्यातलं १३वं कलम सांगतं की बदललेला प्रोग्रॅम नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिलात, तर त्या वापरणाऱ्यांनाही सोर्स कोड मिळवण्याची सोय द्या. कोहा मात्र जीपीएलखाली आहे, अफेरोखाली नाही. म्हणून माझा सल्ला: करारातच लिहून घ्या. बदललेला कोड मिळेल, आणि पुस्तकांच्या नोंदी मार्क या प्रमाणित स्वरूपात कधीही काढून मिळतील, ही दोन वाक्यं हवीत. परवाना तुमच्या नोंदींबद्दल चकार शब्द काढत नाही, आणि वीस हजार पुस्तकं पुन्हा टंकायला बसवली की ग्रंथपाल राजीनामा देतात.

सोर्स कोड द्यायचा म्हणजे नेमकं काय काय द्यायचं?

जीपीएलची व्याख्या मला फार आवडते: बदल करायला ज्या रूपात काम करणं सोयीचं, ते रूप. म्हणजे चलांची नावं मुद्दाम क, ख, ग करून, सगळ्या टिपा काढून टाकून, एका ओळीत कोंबलेला कोड देणं हा सोर्स नव्हे. शिवाय तो बांधायला आणि बसवायला लागणाऱ्या स्क्रिप्टही द्यायच्या. पीठ दिलं, चूल आपली आपण शोधा, असं नाही.

द्यायचे मुख्य मार्ग दोन. एक, प्रोग्रॅमसोबतच कोड द्यायचा, किंवा ज्या ठिकाणाहून प्रोग्रॅम उतरवता येतो तिथेच तो ठेवायचा. दोन, मागाल तेव्हा देऊ अशी किमान तीन वर्षांची लेखी हमी द्यायची.

दुसऱ्या मार्गाला जाऊ नका. हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. एका वाचनालयाला पावत्या छापणारा छोटा प्रोग्रॅम, जीपीएलच्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये फेरफार करून, मी दिला होता. तयार फाइल दिली, कोड लॅपटॉपवर ठेवला, ‘लागला तर सांगा’ म्हटलं. वर्षभराने त्यांनी सांगितलं. दरम्यान डिस्क गेली होती. आठवडाभर रात्री जागून ते बदल मी आठवून आठवून पुन्हा लिहिले, आणि तरी ते हुबेहूब तेच होते याची खात्री नव्हती. त्या दिवसापासून प्रोग्रॅम आणि कोड एकाच पेनड्राइव्हवर, एकाच दिवशी.

घरच्या वायफाय राउटरमध्ये आणि फोनमध्येही लिनक्स असतं म्हणे. मग त्याचा कोड मला मागता येतो?

येतो. या मागणीला चांगला इतिहास आहे. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स आहे, पण कोड कुठेच नाही, हे २००३मध्ये लोकांनी शोधून काढलं. बराच गाजावाजा झाल्यावर कंपनीने कोड जाहीर केला, आणि त्याच कोडवर २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. आज शेकडो जातींचे राउटर त्यावर चालतात. एका कंपनीने नाइलाजाने दिलेल्या कोडवर एवढं उभं राहिलं.

फोनचं थोडं वेगळं. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा आणि तो जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली, म्हणून त्या गाभ्याचा कोड कंपनीने द्यायलाच हवा. त्यावरचा बराचसा भाग अपाचे परवान्याखाली आहे, तो देण्याची सक्ती नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ‘कायदेशीर माहिती’सारख्या कोपऱ्यात परवान्यांची लांबलचक यादी असते. बहुतेकदा तिथेच किंवा खोक्यातल्या कागदावर कोड मागण्याचा पत्ता सापडतो.

कोड मिळाला म्हणजे बदललेला गाभा त्याच फोनवर चालेलच असं मात्र नाही. टिवो या टीव्ही कार्यक्रम रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राने कोड दिला, पण बदललेला कोड यंत्र चालवायलाच तयार नसायचं. म्हणून २००७च्या तिसऱ्या आवृत्तीत घरगुती उपकरणांसोबत असा कोड बसवण्यासाठी लागणारी माहितीही द्यावी, अशी अट आली. लिनक्सचा गाभा दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला. तो सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांना ती नवी अट पटली नाही.

एमआयटी, बीएसडी, अपाचे या परवान्यांतही हेच सगळं करावं लागतं का?

नाही, हे परवाने सैल आहेत. एमआयटी परवान्यात काम एवढंच: कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर प्रतीसोबत राहू द्या. कोड झाकला तरी चालतो. अपाचेमध्ये बदललेल्या फायलींवर ‘बदलली’ अशी नोंद आणि पेटंटविषयीचं एक कलम वाढतं. काम सोपं म्हणून लोक तेवढंही करत नाहीत आणि लेखकाची ओळ पुसून स्वतःचं नाव टाकतात. परवान्याचा भंग होतोच, पण आपल्या कायद्याच्या ५७व्या कलमानुसार कृतीवर आपलं नाव सांगण्याचा लेखकाचा हक्क कॉपीराइट विकल्यावरही त्याच्याकडे राहतो.

मिसळ करताना एक खड्डा लक्षात ठेवा: फक्त दुसऱ्या आवृत्तीचा जीपीएल आणि अपाचे २.० यांचा कोड एका प्रोग्रॅममध्ये एकत्र करून वाटता येत नाही. तिसऱ्या आवृत्तीसोबत येतो.

गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर कोड आहे, पण परवान्याची फाइलच नाही. तो मुक्त समजायचा ना?

उलट. परवाना नाही म्हणजे परवानगी नाही. तिथल्या सेवाशर्तींमुळे तुम्ही तो पाहू शकता आणि त्याच साइटवर त्याची फोर्क, म्हणजे स्वतःची वेगळी प्रत, घेऊ शकता, एवढंच. लेखकाला साधा निरोप टाकून परवाना जोडायला सांगा. बहुतेक जण विसरलेले असतात.

मराठी फाँटचं काय? आमचा डीटीपीचा व्यवसाय आहे.

मुक्त मराठी फाँट मुख्यतः ओपन फाँट लायसन्सखाली असतात. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त आणि लोहित देवनागरी ही माहितीतली उदाहरणं. लोहित आधी जीपीएलखाली होता, नंतर इकडे आला.

या फाँटमध्ये लग्नपत्रिका, दिवाळी अंक, निवडणुकीचे फलक, काहीही छापा आणि विका. कागदाला परवाना चिकटत नाही. फाँट सॉफ्टवेअरसोबत किंवा संगणकासोबत जोडूनही विकता येतो. नुसता फाँट, एकट्याने, विकता येत नाही. मध्यंतरी ‘पाचशे मराठी फाँटची सीडी’ विकणाऱ्यांत हे सर्रास चालायचं. फाँटमध्ये फेरफार करून, समजा ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे करून वाटायचा असेल, तर तो त्याच परवान्याखाली वाटावा लागतो. आणि मूळ लेखकाने नाव राखून ठेवलं असेल तर नवं नाव द्यावं लागतं. नाव राखण्याची ही अट मला रास्त वाटते: बिघडलेल्या जोडाक्षरांचं खापर मूळ अक्षरकारावर फुटायला नको.

सॉफ्टवेअरच्या मेनूचं मराठी भाषांतर करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की भाषांतर सहसा त्या प्रकल्पाच्याच परवान्याखाली जातं. त्यामुळे एका प्रकल्पातली वाक्यं उचलून दुसरीकडे चिकटवण्याआधी दोन्ही परवाने पाहा.

नाव आणि लोगोही वापरता येतात का?

कोडचा परवाना म्हणजे नावाचा परवाना नव्हे. ट्रेडमार्क वेगळा. डेबियनने फायरफॉक्समध्ये स्वतःचे बदल केले, तेव्हा फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाशी नावावरून वाद झाला आणि २००६पासून दहा वर्षं तोच ब्राउझर डेबियनमध्ये आइसवीझल या नावाने चालला. तुमच्या बदललेल्या कोहाला स्वतःचं नाव द्यायचं तर द्या, पण आत मूळ लेखकांच्या ओळी असू द्या.

मी नोकरीत आहे. रात्री लिहिलेला कोड मुक्त करू शकतो का?

आधी नेमणूकपत्र वाचा. कायद्याच्या १७व्या कलमानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक कंपनीच. काही नेमणूकपत्रं घरच्या वेळेवरही हात टाकतात. जे आपलं नाही ते मुक्त करता येत नाही, आणि मनुष्यबळ विभागाकडून एक ईमेल मिळवणं फार अवघड नसतं.

कुणी अटी मोडत असेल तर काय करायचं?

पहिलं पत्र गोड लिहा. कोणतं उपकरण, कोणती आवृत्ती, कधी घेतलं, आणि ‘या परवान्यानुसार पूर्ण सोर्स कोड हवा आहे’ एवढंच. मदतकेंद्रावरच्या मुलीला जीपीएल ठाऊक नसतो, म्हणून पत्र कायदा विभागाच्या नावे पाठवा. बहुतेक वेळा कारण हलगर्जीपणा असतं: सुटे भाग पुरवणाऱ्याने कोड दिलाच नाही, विकणाऱ्याला पत्ताच नाही.

परवान्याला दात आहेत का, ही शंका पूर्वी असायची. २००४मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने हॅराल्ड वेल्टे या प्रोग्रॅमरच्या बाजूने सायटकॉम या कंपनीविरुद्ध मनाई हुकूम दिला. २००८मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने, तेही खेळण्यातल्या रेल्वेच्या सॉफ्टवेअरवरून, सांगितलं की अशा परवान्याच्या अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो.

अट मोडली की दुसऱ्या आवृत्तीखाली तुमचा हक्क तिथेच संपतो. तिसरी आवृत्ती जरा माणसाळलेली आहे: पहिल्यांदाच चूक झाली असेल आणि मालकाची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत ती सुधारली, तर हक्क कायमचा परत मिळतो. तुम्ही ज्यांना प्रती दिल्या, त्यांचे हक्क मात्र तुमच्या चुकीमुळे जात नाहीत. ते अटी पाळत असतील तोवर त्यांचं सगळं शाबूत.